बोटीतून उतरल्यावर पुढे काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात बोटीने परमुलखात जाऊन तिथेच राहिलेल्या लोकांच्या आठवणींवर लेख छापला होता. एलिस आयलंड (न्यूयॉर्कचं ते बेट, जिथे बोटीने अमेरिकेत येणाऱ्यांची तपासणी व्हायची), हॅलिफॅक्स, मॉरिशस, लंडन असं सगळंच त्यात धावतं येऊन गेलं, त्यामुळे प्रश्न भरपूर आलेत, सगळे घेता येणार नाहीत, जे पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. बहुतेकांनी बोटीबद्दल विचारलंय, वादळ आलं का, उलट्या झाल्या का, न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा कधी दिसला वगैरे. मला विचाराल तर बोटीवरचे दिवस सगळ्यांचे थोडेफार सारखेच असतात, खरी गोष्ट जमिनीला पाय लागल्यावर सुरू होते, रांगेत काय विचारलं, पहिल्या रात्री झोपले कुठे, काम कोणी दिलं. त्यामुळे मी प्रत्येक उत्तर तिकडेच ओढत नेणार आहे, आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : ताई, सिनेमात नेहमी दाखवतात की एलिस आयलंडवरच्या साहेबाला नाव नीट कळत नाही आणि तो भलतंच आडनाव लिहून मोकळा होतो. असं खरंच व्हायचं का?

उत्तर : अमेरिकेतल्या इतक्या घरांत हे इतक्या खात्रीने सांगतात की नाही म्हणायला जिवावर येतं, पण नाही. एलिस आयलंड १ जानेवारी १८९२ ला सुरू झालं, १९५४ ला बंद झालं, तेवढ्या काळात साधारण १ कोटी २० लाख माणसं तिथून गेली आणि साहेब लोक त्यांची नावं मुळात लिहून घेतच नव्हते. प्रवाशांची यादी बोट जिथून निघायची तिकडेच तयार व्हायची, बोट कंपनीचा कारकून ती करायचा, आणि न्यूयॉर्कला इन्स्पेक्टर तीच यादी समोर ठेवून त्यातलेच प्रश्न परत विचारायचा, उत्तरं जुळतायत का ते बघायला. शिवाय हाताशी दुभाषे असायचे, आणि चांगले असायचे, पुढे न्यूयॉर्कचा महापौर झालेला फिओरेल्लो ला ग्वार्डिया १९०७ ते १९१० तिथे दुभाष्याचंच काम करत होता.

मग नावं बदलली कुठे, तर नंतर. कामावर मुकादमाला उच्चार जमेना म्हणून, शाळेत पोरं चिडवायची म्हणून, दुकानाच्या पाटीवर बरं दिसावं म्हणून, बहुतेक वेळा लोकांनी स्वतःच बदलली. संगीतकार आयर्विंग बर्लिन १८९३ ला लहान असताना आला, घरचं आडनाव बेलिन, अमेरिकेत आल्यावर त्याचं बालिन झालं, आणि बर्लिन हे त्याच्या पहिल्या छापील गाण्यावर छापखान्याच्या चुकीने आलं असं सांगतात, ते त्याने तसंच ठेवून दिलं. यात इमिग्रेशनचा साहेब कुठेच नाही बघा. मला वाटतं आपण आपलं नाव सोडलं असं नातवंडांना सांगण्यापेक्षा कोणीतरी ते काढून घेतलं असं सांगणं सोपं जात असेल.

प्रश्न : पण मग लोक त्या तपासणीला एवढे घाबरायचे का? नक्की काय करायचे तिथे?

उत्तर : पहिली तपासणी लोकांना कळायचीही नाही. सामान घेऊन जिना चढून वरच्या मोठ्या हॉलमध्ये जायचं असायचं आणि डॉक्टर नुसते उभे राहून बघायचे, कोणाला धाप लागते, कोण लंगडतं, कोण गोंधळल्यासारखं दिसतं. एका माणसाला काही सेकंद. शंका आली की कोटावर खडूने अक्षर, हृदयाचं वेगळं, डोळ्यांचं वेगळं, पायाचं वेगळं, आणि डोक्यात काही गडबड वाटली तर फुली. कोट उलटा घालून किंवा खडू पुसून सुटल्याच्या गोष्टी त्यातूनच आल्यात. डोळे तपासताना खुपरीसाठी पापणी उलटी करायचे, बुटाची बटणं लावायचा आकडा असतो ना त्याने, आणि तिथून गेलेली माणसं म्हातारपणीसुद्धा बाकी सगळं विसरली तरी हा आकडा विसरायची नाहीत.

मग प्रश्न, सगळे मिळून २९. त्यात एक जबरदस्त अडकवणारा होता. काम ठरलंय का? साधा माणूस म्हणणार हो साहेब, भावाने कारखान्यात बोलून ठेवलंय. संपलं! कारण १८८५ च्या कायद्याने आधी करार करून मजूर आणायला बंदी होती, त्यामुळे बरोबर उत्तर असं की काम ठरलेलं नाही, पण अंगात ताकद आहे, मिळेल ते करीन. म्हणजे बेकारही दिसायचं नाही आणि नोकरी लागलीय असंही म्हणायचं नाही. १९०९ पासून खिशात २५ डॉलर दाखवा हेही सुरू झालं. एकट्या बाईला तर घ्यायला कोणी आल्याशिवाय किंवा नातेवाइकाची तार आल्याशिवाय सोडतच नसत, काही जणींची लग्नं त्यामुळे तिथल्या तिथे लावून दिली गेली.

परत पाठवलेले साधारण शंभरात दोनच. हा आकडा लेखात वाचून काही जणांनी लिहिलंय की मग एवढं काय त्यात. पण १९०७ साली एका वर्षात दहा लाखांवर माणसं आली, १७ एप्रिलला तर एकाच दिवसात ११,७४७, आता त्याचे दोन टक्के काढा. आणि लहान पोराला परत पाठवायचं ठरलं की आईबापांतल्या एकाला त्याच्याबरोबर जावं लागायचं, बाकीचं घर इकडे आणि ते दोघं तिकडे.

प्रश्न : श्रीमंतांनाही हेच भोगावं लागायचं का?

उत्तर : छे. फर्स्ट आणि सेकंड क्लासवाल्यांची तपासणी बोटीवरच उरकायची, ते थेट धक्क्यावर उतरून गावात जायचे. बेटावर न्यायचे ते बोटीच्या तळातल्या स्वस्त तिकिटवाल्यांना. आजारी निघाला तर फर्स्ट क्लासवालाही अडकायचा म्हणा, पण रांग, जिना, खडू हे सगळं तळातल्यांच्या नशिबी.

प्रश्न : या आठवणींमध्ये खाण्याचंच एवढं का असतं? केळं, आइस्क्रीम, पांढरा ब्रेड. एवढं घरदार सोडून आलेल्या माणसाला केळंच कसं लक्षात राहतं?

उत्तर : मस्त प्रश्न आहे, आणि याचं उत्तर मला वाटतं आठवणी कधी गोळा केल्या त्यात आहे. एलिस आयलंडचं मुलाखती रेकॉर्ड करायचं काम १९७३ ला सुरू झालं. म्हणजे १९०५-१९१० ला आलेला जो माणूस तेव्हा मुलाखत द्यायला जिवंत होता तो येताना लहान पोर असणार, हिशोब सरळ आहे. त्याच्या आईबापांना विचारायला कोणी गेलंच नाही, आणि बोट कंपनीचं कर्ज कसं फेडायचं, साहेबाला काय सांगायचं, बायकोचा डोळा लाल झालाय तो दिसेल का, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. पोराच्या डोक्यात केळं. पहिल्यांदा बघितलं, सालासकट खाल्लं, तोंड वाकडं झालं, हे तो ऐंशीव्या वर्षीही हसत सांगणार. आइस्क्रीम लोणी समजून ब्रेडला लावल्याच्या आठवणीही आहेत.

कॅनडात हॅलिफॅक्सच्या पिअर २१ वर, म्हणजे १९२८ ते १९७१ मध्ये जिथून जवळपास दहा लाख लोक आले तिथे, खाण्याची आठवण जरा कडू आहे. घरून बांधून आणलेले सॉसेज, मांस असलं कस्टमवाले काढून घ्यायचे, महिनोन्महिने पुरेल म्हणून आईने केलेलं सगळं टेबलावर ढीग. आणि मग पुढच्या रेल्वेच्या लांबलचक प्रवासासाठी मिळणार तो मऊ पांढरा ब्रेड, युरोपातल्या कडक पावावर वाढलेल्यांना तो ब्रेड वाटायचाच नाही. ऑस्ट्रेलियात बोनेगिला नावाचा मोठा कॅम्प होता, १९४७ ते १९७१, तीन लाखांच्या आसपास लोक तिथे राहून गेले, आणि तिथली तक्रार एकच, मेंढीचं मटण, परत मेंढीचं मटण. पण गंमत बघा, त्याच कॅम्पमध्ये १९५२ आणि १९६१ ला लोक चिडून रस्त्यावर आले ते मटणासाठी नाही, कबूल केलेलं काम मिळेना म्हणून. बोनेगिलाचं नाव काढलं की घराघरांत मटणच निघतं, कामाचं फार कमी जण काढतात.

प्रश्न : आपली मराठी माणसं मॉरिशसला गेली त्यांच्या अशा मुलाखती आहेत का? त्यांचं उतरणं कसं होतं?

उत्तर : पहिल्या पिढीच्या आवाजात कुठून मिळणार, तेव्हा रेकॉर्डिंग नव्हतं आणि मजुराला विचारावंसं कोणाला वाटत नव्हतं. त्यांच्याबद्दल आहे तो कागद, आणि कागद मात्र भरपूर आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलास नावाची बोट कलकत्त्याहून करारावरचे ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला आली, तिथून हे सुरू झालं, मध्ये १८३८-३९ ला फसवाफसवी आणि हालअपेष्टांची बोंब झाल्यावर थांबवलं, १८४२ ला कलकत्ता, मद्रास, मुंबई अशी तीन बंदरं ठरवून परत चालू केलं. मुंबईच्या बोटींत आपले कोकणातले आणि घाटावरचे लोक गेले. १८३४ पासून १९२० पर्यंत धरलं तर जवळपास पाच लाख माणसं त्या एका बेटावर उतरली, ऊस कापायला.

उतरायचं म्हणजे धक्क्यावरून १६ दगडी पायऱ्या चढून आत जायचं, त्या पायऱ्या आजही आहेत, आप्रवासी घाट म्हणतात, २००६ पासून जागतिक वारशाच्या यादीत. आत डेपोमध्ये दोन-तीन रात्री, तेवढ्यात नोंद व्हायची आणि मळेवाल्याकडे रवानगी. नोंदीत प्रत्येकाला एक नंबर, मग नाव, बापाचं नाव, जात, गाव, वय, उंची, अंगावरची खूण, आणि १८६० च्या दशकापासून फोटो. हे वाचून काहींना वाटेल वा, किती व्यवस्थित, पण ही व्यवस्था माणूस मळ्यावरून पळाला तर पकडता यावा म्हणून होती. १८६७ च्या कायद्यानंतर तर कराराबाहेरच्या माणसालाही फोटोवालं तिकीट खिशात घेऊन फिरावं लागायचं, नाही दाखवलं तर भटक्या म्हणून आत टाकायचे. माणसं धरून ठेवायला केलेल्या त्याच वह्या आज मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत आणि नातवंडं-पतवंडं त्यात आपलं गाव शोधत जातात, मला हे फार विचित्र वाटतं आणि बरंही वाटतं.

आणि नावाचा जो प्रश्न वर आला ना, तो इथे खरा आहे. एलिस आयलंडला साहेबाने नाव बदललं नाही, पण मॉरिशसला कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजी-फ्रेंच वळणाने लिहिलं, आणि माणसाचं एकेरी नाव हेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव होऊन बसलं. गणेश चतुर्थीला मात्र तिथे आज सरकारी सुट्टी असते.

आवाज ऐकायचाच असेल तर फिजीकडे बघा. तिथे गिरमिट, म्हणजे तो पाच वर्षांचा करार, १८७९ ते १९१६ चालला, साठ हजारांवर लोक गेले, आणि त्यांच्यातले तोताराम सनाढ्य परत आले आणि त्यांनी १९१४ ला आपली हकीगत छापली. एकाच बोटीतून आलेले लोक एकमेकांना जहाजी भाई म्हणायचे, जात बोटीतच विसरली गेली होती, हे नातं पुढे सख्ख्या भावासारखं मानायचे, काही ठिकाणी तर जहाजी भावांच्या मुलांमध्ये लग्न नको इथपर्यंत.

प्रश्न : सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने येणाऱ्यांचं काय? तिकडेही एलिस आयलंडसारखंच होतं का?

उत्तर : नाही, आणि तिथल्या एंजल आयलंड या बेटाला पश्चिमेचं एलिस आयलंड म्हणतात ते मला अजिबात पटत नाही. तिथलं केंद्र चाललं १९१० ते १९४०. एलिस आयलंड आत घ्यायला होतं, बहुतेक लोक काही तासांत बाहेर पडायचे. एंजल आयलंड अडवायला होतं, कारण १८८२ पासून चिनी मजुरांना अमेरिकेत बंदीच होती, आठवडे, महिने, कोणी कोणी तर वर्षाच्या वर तिथे कोंडलेले. अमेरिकी नागरिकाचा मुलगा असेल तर येता यायचं, आणि १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत शहरातली जन्माची दफ्तरं जळाली, मग बऱ्याच चिनी लोकांनी आम्ही इथेच जन्मलो म्हणून सांगितलं आणि गावाकडे मुलगे आहेत असंही, आणि त्या कागदावरच्या मुलांच्या जागा विकल्या जायच्या. हे साहेबांना माहीत होतं म्हणून ते विचारायचे, घराला पायऱ्या किती, तांदळाचा पिंप कुठे ठेवलाय, शेजारच्या घराचं तोंड कुठे, आणि हेच बापाला वेगळं विचारायचे. आता खऱ्या मुलाला तरी तांदळाचा पिंप आठवेल का सांगा! पढवायचे कागद बोटीवर पाठ करून समुद्रात टाकून द्यायचे. कोंडलेल्यांनी लाकडी भिंतींवर कविता कोरल्या, इमारत पाडायची ठरलेली असताना १९७० ला एका पार्क रेंजरला त्या दिसल्या म्हणून वाचल्या.

प्रश्न : कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला आलेले विंडरश बोटीचे लोक कायदेशीर आले होते तर इतक्या वर्षांनी त्यांना कागद कसले मागितले?

उत्तर : कायदेशीर आले हीच अडचण झाली. एम्पायर विंडरश २२ जून १९४८ ला लंडनजवळच्या टिलबरी बंदरात लोकांना उतरवून मोकळी झाली, हजारावर प्रवासी, बहुतेक कॅरिबियन बेटांचे, स्वस्तातलं तिकीट २८ पौंड. ते ब्रिटिश प्रजाच होते, त्यांना व्हिसा कशाला लागणार. ज्यांची सोय नव्हती अशा दोनशेवर जणांना लंडनच्या क्लॅपहॅम साउथ स्टेशनच्या खाली, युद्धात बॉम्बपासून लपायला खणलेल्या खोल बोगद्यात झोपवलं, आणि सगळ्यात जवळचं नोकरी देणारं सरकारी ऑफिस ब्रिक्स्टनला होतं, म्हणून ते तिकडे गेले, तिथेच खोल्या बघितल्या, आणि ब्रिक्स्टन हे त्यांचं झालं ते असं. पुढची दोनेक दशकं असेच हजारो येत राहिले, लहान मुलं तर आईबापाच्या पासपोर्टवर. १ जानेवारी १९७३ च्या आधी स्थायिक झालेल्यांना राहायचा हक्क कायद्याने दिला पण हातात कागद दिला नाही. मग २०१२ नंतर नोकरी, भाड्याचं घर, दवाखाना सगळीकडे कागद दाखवा झालं, आणि उतरतानाच्या ज्या चिठ्ठ्यांवरून सिद्ध करता आलं असतं त्या सरकारी खात्याने २०१० लाच नष्ट केल्या होत्या. २०१८ ला हे बाहेर आलं तोवर काहींच्या नोकऱ्या गेल्या होत्या, काहींना देशाबाहेर काढलं होतं.

प्रश्न : सगळेच टिकले का? परत गेलेल्यांबद्दल कोणी काही सांगत नाही.

उत्तर : कारण परत गेलेल्यांचं म्युझियम होत नाही. १९०० नंतर अमेरिकेत आलेल्या इटालियन पुरुषांपैकी निम्म्याच्या आसपास परत गेले, बरेच जण आलेच होते पैसे साठवून गावाकडे जमीन घ्यायला. ऑस्ट्रेलियाने युद्धानंतर ब्रिटिशांना १० पौंडांत बोलावलं, मुलं फुकट, दोन वर्षं राहायची अट, नाही राहिलात तर पूर्ण भाडं भरा. दहा लाखांवर गेले, त्यातले साधारण पाव परतले, आणि परतलेल्यांतलेही पुष्कळ जण इंग्लंडचा पाऊस आणि चिखल बघून पुन्हा ऑस्ट्रेलियाला गेले. बूमरँग पॉम म्हणतात त्यांना तिकडे, पॉम म्हणजे इंग्रजाला चिडवायचं नाव. त्याच योजनेतून १९६६ ला वेल्सहून आलेली एक चिमुरडी पुढे पंतप्रधान झाली, ज्युलिया गिलार्ड, हे सगळे सांगतात, परत गेलेल्या पाव लोकांचं कोणी सांगत नाही, तुमचं बरोबर आहे.

प्रश्न : माझे मोठे काका पन्नासच्या दशकात बोटीने इंग्लंडला गेले, आता नव्वदीला आलेत. मला त्यांचं रेकॉर्डिंग करायचंय, काय विचारू?

उत्तर : आधी करा, मग विचार करा काय विचारू. फोन टेबलावर ठेवा, चालू करा आणि विसरून जा. तेव्हा कसं वाटलं हे विचारू नका, त्याला छान वाटलं एवढंच उत्तर येतं. घ्यायला कोण आलं होतं, ट्रंकेत काय होतं, पहिल्या खोलीत किती जण होते, भाडं कोणाला द्यायचे, पहिला पगार हातात रोख दिला का पाकिटात, घरी पहिलं पत्र कधी टाकलं आणि त्यात काय लपवलं, असं विचारा. शेवटचं नक्की विचारा, खरं तिथेच बाहेर येतं. त्यांनी सांगितलेलं साल किंवा बोटीचं नाव चुकलं तर मध्येच टोकू नका, ते नंतर तपासता येतं, म्हणजे युरोपबाहेरून ब्रिटनला आलेल्या बोटींच्या प्रवाशांच्या १९६० पर्यंतच्या याद्या लंडनला क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, त्यात नाव, वय, धंदा, आणि ब्रिटनमध्ये कुठे राहणार तो पत्तासुद्धा असतो. नाव सापडलं नाही तर स्पेलिंग तीन-चार प्रकारे बदलून बघा. आणि सापडलं तर त्या पानाची कॉपी घेऊन काकांसमोर ठेवा आणि पत्त्यावर बोट ठेवून विचारा हे घर कोणाचं, परत रेकॉर्डिंग चालू करून.